कुलूप लावलेल्या घरापुढची घरसभा

प्रार्थना मी लहानपणापासून करत आले आहे, पण ती बरीचशी सूचना दिल्यासारखी असायची. प्रभू, आज अमुक काम होऊ दे, तमुक माणसाला वेळेवर पाठव, पाऊस कार्यक्रम आटोपल्यावर पाड. चर्चमधल्या आमच्या मंडळीच्या स्त्रीसंघाची व्यवस्था माझ्याकडे असते. कोणी सतरंज्या आणायच्या, कोणी चहा बघायचा, हे मी ठरवते. त्याच सवयीने मी देवालाही कामं वाटून देत असे. म्हणूनच अकोल्याच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर, देवाला सांगायला एकही सूचना उरली नाही तेव्हा मी फार घाबरले. सूचना संपल्या की विश्वास म्हणून आपल्याजवळ काय उरतं, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

माझे पती भाच्याच्या साखरपुड्याच्या तयारीसाठी बहिणीकडे अकोल्याला गेले होते. जिना चढताना त्यांच्या छातीत दुखलं. नणंदेने तडक दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की बायपास करावी लागेल, थांबण्यात धोका आहे. शेजारणीला तेवढं सांगून मी अमरावतीहून मिळेल ती एसटी धरली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मी आपली फोनवर रक्तदाते आणि विम्याचे कागद जमवत होते. मंडळीत मात्र कोणाला कळवलं नाही. आधी सगळं हाताशी येऊ दे, मग सांगू, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आत नेलं. स्ट्रेचरवरून ते म्हणाले, "डॉक्टरांना काही शिकवू नकोस हं." मी हसले. दार बंद झालं आणि माझ्याजोगं कुठलंच काम राहिलं नाही. नणंद औषधांच्या रांगेत होती. माझ्या शेजारी बुरखा घातलेली एक बाई बसली होती. तिचं नाव शबाना. तिच्या सासूचंही ऑपरेशन चाललं होतं. तिने न विचारता बिस्किटांचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं, अर्धं खाल्लं आणि उरलेलं रुमालात गुंडाळून ठेवलं. डोळे मिटून प्रार्थना करू गेले, तर शब्दच येईनात. माझं माणूस वाचेल की नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी फोन वाजला. अमरावतीच्या आमच्या शेजारीण बेबीताई बोलत होत्या.

"वहिनी, तुमचे भजनवाले आले ना! ढोलक घेऊन कुलपापुढे उभे हायेत. तुमी त अकोल्याले. काय सांगू यायले?"

आमच्या मंडळीत दर बुधवारी कोणा ना कोणाच्या घरी घरसभा असते. गाणी, छोटासा संदेश, प्रार्थनेच्या विनंत्या आणि शेवटी घरच्यांकडून चहा-चिवडा. त्या बुधवारी पाळी आमची होती. रक्तगटापासून सगळं लक्षात ठेवणारी मी, घरसभा साफ विसरले होते.

"ताई, त्यांची माफी मागा आणि परत पाठवा," मी म्हणाले.

"परत काहून धाडू? कुलूप दाराले हाय, अंगनाले थोडी हाय! सतरंजी टाकली म्या. भाऊजीचं बी सांगतलं त्यायले. चहा मांडून राहिली, हे लोकं साखर किती घेतेत तेवढं सांगा."

 "भरपूर," मी म्हणाले.

मग पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पास्टर, फोनवर आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, आता तुम्ही काही करू नका. फक्त फोन चालू ठेवा."

माझ्या आयुष्यात मला असं कोणी सांगितलं नव्हतं. मी फोन मांडीवर ठेवला आणि त्यातून गाणं यायला लागलं. ढोलक पुढे पळत होती, बायकांचे सूर मागे राहत होते, आणि टाळी सगळ्यांत जोरात बेबीताईंची होती. शबाना जवळ सरकली. "आपा, आवाज वाढवा ना थोडा." आवाज वाढला तशी सिस्टर आली, हळू करा म्हणाली, आणि पूर्ण गाणं दाराला टेकून ऐकून गेली.

विनंत्यांची वेळ आली. शबाना हळूच म्हणाली, "माह्या सासूसाठी बी दुआ मागाले सांगा."

"नाव काय सांगू?"

"अम्मी म्हना. अल्लाले माहीत हाय कोनती अम्मी."

मी तसंच सांगितलं. पलीकडून बेबीताई ओरडल्या, "मंग माया गुडघ्याचं बी घ्या!" शबाना हसली, मीही हसले. रडता रडता हसले.

त्यानंतर जे झालं ते सांगायला माझ्याकडे मोठे शब्द नाहीत. आतून काही निरोप आला नव्हता. दार बंदच होतं. पण माझ्या मुठी सुटल्या होत्या. ते वाचले तर प्रभूच्या हातात आहेत आणि नाही वाचले तरी त्याच हातात आहेत, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. ते तसं आहे, एवढं फक्त कळलं. मी उरलेलं बिस्किट खाल्लं. भूक लागली होती.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं नीट झालं. अम्मीही सावकाश सावरल्या. आमचे हे आता रोज फिरायला जातात आणि मीठ कमी असल्याची तक्रार करतात. त्या तक्रारीसाठी मी रोज प्रभूचे आभार मानते. मात्र ती शांती त्या निरोपाच्या आधी आली होती, हे मी विसरत नाही. मी मागितलं म्हणून ती आली नाही. माझे हात रिकामे झाले तेव्हा ठेवायला जागा झाली, एवढंच.

ती शांती स्वतःपाशी ठेवून घ्यावी असं वाटेना. म्हणून आता आठवड्यातून एक दुपार मी अमरावतीच्या एका दवाखान्यात, पेशंटचे नातेवाईक थांबतात तिथे जाऊन बसते. कोणी विचारलं तर माझ्या प्रभूबद्दल सांगते, कोणी म्हटलं तर प्रार्थना करते, नाहीतर गप्प बसते. परवा नांदगाव खंडेश्वरकडचे एक आजोबा बायकोला आत नेल्यावर एकटेच बाकावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं कोन हाय अंदर?"

"कोणी नाही, बाबा. तुमच्याजवळ बसायला आले."

 त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाले, "बसा मंग."