विसावा फॉर्म

“खाडाखोड केलेला फॉर्म बाद,” एवढाच आशीर्वाद देऊन सरांनी मला पुण्याहून रवाना केलं. विषय होता, ज्येष्ठांचा एकटेपणा. शुक्रवारपर्यंत वीस प्रश्नावल्या जमल्या नाहीत, तर मानसशास्त्रातलं माझं वर्ष पाण्यात जाणार होतं.

कुरकुंभला कारखान्यांची पाळी सुटत होती. चहाच्या टपरीवर कंपनीतून निवृत्त झालेले एक मामा भेटले. त्यांनी आधी ही कुठली योजना म्हणून विचारलं. योजना नाही, अभ्यास आहे, हे तीनदा समजावलं. तरी त्यांनी खिशातून आधारची झेरॉक्स काढून फॉर्मला टाचलीच. वर, नंतर मागतातच, असंही मला समजावलं. नाव गुप्त ठेवायचं माझं तत्त्व असं टाचणीवर गेलं. टपरीवरच्या बाकी मंडळींनीही मग खिसे चाचपले.

दोन दिवसांत असे चारचौघांत बसूनच एकोणीस फॉर्म झाले. विसाव्यासाठी भीमा ओलांडून मांडवगण फराट्याला आले. एकेकाळी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरणारे आबा आता तिथं ऊस लावतात. मुलाखत एकांतात घ्यावी, असं पुस्तकात लिहिलंय. पण पाहुणीजवळ एकट्या म्हाताऱ्याला बसवून घरच्यांनी निघून जायचं, हे त्या घराला शोभणारं नव्हतं. सून, पुतण्या, शेजारच्या दोघी, सगळे ओट्यावर बसले. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असं मी आबांना विचारलं आणि चौघांनीही ‘न्हाई’ म्हणून टाकलं. सून तर हसलीच. आबांनीही मान हलवली. मी ‘कधीच नाही’वर खूण केली आणि शेंगोळ्यांवर (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या तुकड्यांचं तिखट कालवण) ताव मारला. मी भलतीच खूश होते.

आबा मला एसटीला सोडायला चालत आले. पाहुण्याला वाटेला लावायची तिथली रीतच आहे. घर उसाआड गेलं, तसे ते थांबले.

“ताई, त्या सवालाचं उत्तर बदला.”

“का हो आबा?”

“मेंढरं इकली तवापासनं बोलाया कुणी न्हाई बघा. सुनंम्होरं कसं सांगू? तिला वाटंल, आपलंच चुकलं.”

मी ‘कधीच नाही’ खोडून ‘नेहमी’वर खूण केली. थांब्यावर जाऊन बसलो. एसटी आली, मी ती जाऊ दिली. आबांनी मग काळमुखी, बांडी, तुटकानी अशी एकेका मेंढीची कुळकथा सांगितली. तुटकानी फार हट्टी होती म्हणे, माझ्यासारखी. मी एक अक्षर लिहून घेतलं नाही. दुसरी एसटी आल्यावर मला उठवेना.

पुण्यात सरांनी गठ्ठा चाळला आणि विसाव्यावर बोट ठेवलं. खाडाखोड, बाद.

“सर, हाच ठेवा,” मी म्हटलं. “बाद बाकीचे एकोणीस आहेत.”

सरांनी चष्मा काढला, सगळी हकिकत ऐकली आणि कुरकुर करत महिनाभर मुदत वाढवून दिली. मी नवे फॉर्म छापले नाहीत. आधी चालायला बऱ्या चपला घेतल्या.