तिसऱ्या टेबलावरची लहर

यंदापर्यंत हे मी कुणापाशी बोललो नव्हतो — पत्नीपाशीही नाही. एका विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे, हे ठाऊक असताना मी ते चूक ठरू दिले.

वर्ध्याच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. लो-पास फिल्टर हा तिथला अगदी साधा प्रयोग — एक ऑप-अँप, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. संथ लहरी पुढे जाऊ द्यायच्या, वेगवान अडवायच्या. आमच्याकडे ती सीमा एक हजार हर्ट्झवर यायची. यायची म्हणजे — आणली जायची. मुले आधी सूत्र सोडवत, मग त्यावर रीडिंग 'बसवत'. आम्हाला ते दिसत नव्हते, असे कसे म्हणू?

त्या परीक्षेच्या सकाळी टेबलांवर सुटे भाग मीच मांडले होते. तिसऱ्या टेबलावर निशा होती — हिंगणीहून एसटीने येणारी, अबोल मुलगी. तिची सीमा दहा हजारांवर आली, आणि तिने तीच लिहिली. बाहेरून आलेले परीक्षक हसले. तिने सगळी जोडणी उपसली, पुन्हा केली.

"सर, पुन्हा तेच येऊन राह्यलं," ती म्हणाली — त्यांना नव्हे, मला.

मी वाकून पाहिले. कपॅसिटरवर १०३ छापले होते. हवा होता १०४, दहापट मोठा; म्हणूनच तिची सीमा दहापट वर गेली होती. सकाळी कपाटातून भाग काढताना माझा खण चुकला होता. म्हणजे प्रत्येक टेबलावर चुकीचाच कपॅसिटर — आणि तरीही बाकी सर्वांचे उत्तर एक हजार! खरे बोललो असतो, तर माझी चूक उघडी पडली असती, आणि आमची शिकवण्याची रीतही.

"जोडणी चुकली असेल," मी म्हणालो. किती शांतपणे म्हणालो!

ती नापास झाली. फेरपरीक्षेला आलीच नाही. परीक्षा संपताच मी सगळे कपॅसिटर गोळा करून मूळ खणात परत ठेवले होते.

आजही फळ्यावर हे सर्किट काढताना कपॅसिटरच्या दोन रेघांपाशी हात अडतो. पाठीमागे कुणी तारा उपसते आहे, असे वाटते. वळून पाहावे, तर तिसऱ्या टेबलावर दुसरेच कुणी बसलेले.

यंदा, वीसेक वर्षांनी, प्रवेशाच्या रांगेतून निशा माझ्यासमोर आली. सोबत मुलगी — तिला इलेक्ट्रॉनिक्सच हवे होते.

"तेवढं सोडून काहीबी द्या, सर," निशा हसली. "मायच्या हातानं साधा फिल्टर नाई झाला, हिच्यानं काय होते?"

मुलीने मान खाली घातली.

इतकी वर्षे मी तिच्या रागाला भीत होतो. राग तिच्यापाशी नव्हताच. तिने माझे खोटे स्वतःविषयीचे सत्य म्हणून सांभाळले होते — आणि आता ते लेकीच्या हाती देत होती.

मी उभा राहिलो. शेजारी प्राचार्य, समोर पालकांची रांग.

"निशा, तुझा फिल्टर बरोबर होता. कपॅसिटर मी चुकीचा दिला होता. मला ते तेव्हाच दिसलं होतं, आणि मी खोटं बोललो. तुझ्या लेकीसमोर सांगतो — मी तुझा अपराधी आहे."