नाल्याच्या वरचं पाणी

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी एका खासगी प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. प्रयोगशाळेकडे सरकारी काम होतं, नदीचं पाणी दर महिन्याला ठरलेल्या जागी तपासायचं. प्रवरेवरच्या तीन जागा माझ्या वाट्याला आल्या. श्रीरामपूरहून सकाळची एस.टी. पकडायची, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायचं, पुलाजवळ उतरायचं आणि त्यांतल्या पहिल्या जागेपर्यंत, बंधाऱ्यापर्यंत, चालत जायचं. मला पोहता येत नाही. पहिल्याच दिवशी दोरी बांधलेली बाटली पाण्यात फेकताना माझा पाय चिखलात गेला आणि एका बाईंनी मागून माझा दंड धरला.

त्या भोई समाजातल्या. नवरा गेल्यावर मासेमारी त्यांनी स्वतःच चालवली होती. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब आणि त्यावर बांधलेली फळी, एवढीच त्यांची होडी. "काठाचं पानी घेऊन काय कळनार तुमाला?" त्या म्हणाल्या आणि माझी बाटली घेऊन स्वतःच मधल्या धारेत गेल्या. पुढे पाच-सहा वर्षं तेच चाललं. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला मॅडम म्हणायच्या. काम झालं की त्यांच्या पत्र्याच्या घरात बाजरीची भाकरी आणि चिलापीचं कालवण जेवायचे. चिलापीला काटे कमी, म्हणून माझ्यासाठी त्या तीच काढून ठेवायच्या.

बंधाऱ्याच्या वर थोड्या अंतरावर एक नाला नदीला मिळतो. नाल्याच्या काठाला कारखाने आहेत. पाण्याचा रंग कधी चहासारखा, कधी त्याहून काळा. मी आकडे लिहायचे, अहवाल जायचा, पोच यायची. बाकी काही व्हायचं नाही. त्याची मला सवय झाली होती, हे कबूल केलं पाहिजे.

मग एका उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. "मॅडम, मासे वर आल्यात. सगळेच."

मी गेले तेव्हा बंधाऱ्याला लागून पांढऱ्या पोटांचा थर साचला होता. वास इतका की तोंडाला रुमाल बांधूनही बोलवेना. पाण्यात प्राणवायू असला, तर दोन औषधं घातल्यावर बाटलीत तपकिरी साका धरतो. माझ्या बाटलीत तो पांढराच राहिला. म्हणजे माशांना घ्यायला काहीच उरलं नव्हतं. मला वाटलं, आता तरी कोणी हलेल. आणि त्याच भरात मी मावशींना म्हटलं, "मेलेले नकोत, जिवंत सापडले तर द्या. त्यांच्या मांसात काय साचलंय ते तपासू. कागदावर आलं की कारखान्यांना उत्तर द्यावं लागेल."

"आमचं काय नुस्कान न्हाई ना हुनार?" त्यांनी विचारलं.

"तुमचं कसं होईल? चूक त्यांची आहे."

त्या ट्यूबवर बसून, बंधाऱ्यातले वाचलेले मासे जिथे पळाले असतील त्या वरच्या डोहाकडे गेल्या आणि चार चिलापी, एक मरळ घेऊन आल्या. मी ते मासे फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात ठेवले. प्रयोगशाळेत मांस वेगळं काढलं, वाळवलं, आम्लात शिजवलं. पाचही माशांत शिसं निघालं, खाण्याच्या मर्यादेच्या बरंच वर. त्या संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मीही तेच खाल्लं होतं आणि मावशी तर रोज खात होत्या.

अहवाल मी मोठ्या आशेने पाठवला. महिन्याभरात त्याचं उत्तर पुलाशी उभं राहिलं: पिवळ्या पत्र्याचा फलक, 'या नदीतील मासे खाण्यास अयोग्य आहेत. विक्री करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' नाल्याबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं. आठवडे बाजारात मावशींना माशांची पाटी उचलायला लावली. लोकांनी तर त्याआधीच त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

पुढच्या फेरीआधी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "ती बंधाऱ्याची जागा जरा गैरसोयीची आहे. यापुढे नमुना पाचशे मीटर वरून घ्या."

"सर, म्हणजे नाल्याच्या वरून."

"रस्ता चांगला आहे तिकडे."

"मग नाल्याचं पाणी कुठल्याच नमुन्यात येणार नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना?"

मी नवीन जागेवर गेले. अहवालात शेऱ्याच्या रकान्यात फक्त एवढंच लिहिलं, 'नमुन्याची जागा बदलली आहे.' टाईप होऊन कागद सहीला आला, तेव्हा शेरा गायब होता. मी सही केली. खाली माझं नाव, वर पाण्याचे सुधारलेले आकडे. त्यानंतर कुठल्याशा बैठकीत नदी सुधारत असल्याचं सांगितलं गेलं, असं ऐकलं. आकडे माझेच असणार.

मावशींना तोंड दाखवायचा मला धीर होत नव्हता. तरी एकदा गेले. त्या दारात बसून जाळं उसवत होत्या, सूत तरी उपयोगी येईल म्हणून. आता त्या कांदा निवडायला जातात, असं शेजारणीने सांगितलं.

"मावशी, दवाखान्यात चला. रक्त तपासून घेऊ. शिसं अंगात साठतं."

"आन निघालं तर?" त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "मंग माझ्यावर बी पाटी लावनार का?"

मी डबा खाली ठेवला. एक गाठ सोडवून त्या म्हणाल्या, "तुमी वंगाळ न्हाई, मॅडम. पर मासे माझ्या हातानं मी तुमाला दिले. पुन्हा काय मागाया येऊ नका."

आतून भांड्यांचा आवाज आला, त्यांची सून स्वयंपाक करत होती. मला कोणी बसा म्हटलं नाही. मी डबा उचलला आणि एस.टी.च्या थांब्यावर आले.

कंत्राट मार्चमध्ये वाढवून मिळालं. अजून मी दर महिन्याला जाते. नवीन जागेला खरंच चांगला रस्ता आहे, पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, बाटली भरायला कोणाची मदत लागत नाही. साका दर वेळी तपकिरी धरतो.