रिकामा दांडा

माझी कंबर गेली तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून देवळाली कॅम्पातल्या जवानांनी आपल्या तोफा मोजून पाहिल्या म्हणे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मी तेव्हा पंचवटीतल्या आमच्या व्यायामशाळेच्या फरशीवर पालथा पडलेलो, शंका काढायला मला कुठे सवड होती! जमिनीवरून वजन उचलताना पाठीला बाक आला आणि खेळ खलास.

अख्खा पावसाळा फळीवर आडवा. उठलो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आधी चकत्या न लावता नुसता दांडा. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. पायात कळ उतरली की तिथेच खाली ठेवायचं. मणका पुन्हा सरकला, तर चालायचीही मारामार होईल." सातपूरच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढे उभं राहून पोट भरणारा मी. पाय गेले तर राहिलं काय?

पण आमच्याकडे रिवाज असा, की परतणाऱ्याने जिथे सोडलं तिथूनच उचलायचं. आणि मी सोडलेलं वजन, बाहेर सांगायचो तेवढं नसलं तरी, मला कायमचा झोपवायला पुरेसं होतं.

म्हणून परतायला मी खंडेनवमी निवडली. त्या दिवशी अवजारं पूजेला बसतात आणि पूजेतली वस्तू कुणी हलवत नाही. सगळ्यांच्या आधी जाऊन मी एकूण एक लोखंडी चकती भिंतीशी मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. दांडा तेवढा बाहेर ठेवला.

मंडळी जमली. "अरे, दांड्याची पूजा राहिली की!"

"कुंकू संपलं," मी म्हणालो. "आता आहे तेवढंच उचलतो बापडा."

"वा रे पैलवान! त्यापेक्षा घरी कणकेची परात उचल ना!"

वस्ताद हसले नाहीत. त्यांची नजर माळांवरून फिरत मी जपून टेकलेल्या डाव्या पायावर येऊन थांबली.

मी गुडघे वाकवले. पुरात आमच्या पंचवटीच्या गंगेवरच्या देवळांच्या कळसांवरून उड्या मारणारा मी, पण त्या गार लोखंडाला हात लावण्याआधी दोनदा तळवे पुसले. दांडा मांडीपर्यंत आला. काही झालं नाही. खाली ठेवला.

"आणखी एक!" कुणीतरी ओरडलं. लगेच सगळेच ओरडायला लागले.

दुसऱ्यांदा दांडा गुडघ्याशी आला आणि कमरेतून एक बारीक ठिणगी डाव्या मांडीत उतरली. सगळे बघत होते. आणखी वीतभर वर नेला की अब्रू वाचणार होती. ठिणगी पोटरीकडे निघाली.

मी दांडा खाली ठेवला.

हशा पिकला. मी मात्र भिंतीला धरून आतल्या आत कळेचा माग काढत होतो. ती पोटरीपाशी घुटमळली, मग हळूहळू विरली. पाय टेकवून पाहिला. माझाच होता.

"हसायचं झालं?" वस्ताद म्हणाले. "पूजा कोजागिरीपर्यंत उतरायची नाही. तोवर सगळ्यांनी रिकाम्या दांड्यावर पाठ सरळ ठेवायला शिकायचं."

"वस्ताद, आम्हीसुद्धा?"

"तू आधी. तुझी पाठ बघून मला घाम फुटतो."

मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "रोज ताज्या माळा आणायच्या. पाय ठणकेल त्या दिवशी जरा जाड आण, म्हणजे मला कळेल."