उंबऱ्यावर अडलेला रोबो

जामखेडात विहिरीवरची मोटार जळाली की लोक आधी वैजूमिस्त्रीला शिव्या देतात आणि मग त्याच्याकडेच मोटार घेऊन जातात. शिव्या अशासाठी, की हा माणूस मोटार हातात घेतल्याबरोबर मालकाची अक्कल काढतो. “जळाली न्हाई, तुमी जाळली,” हे त्याचं पहिलं वाक्य. मोटार परत देताना, “आता तुमी जाल, पन ही जायची न्हाई,” हे शेवटचं. मधले दोन दिवस तो तांब्याची तार गुंडाळतो, आणि अशी गुंडाळतो की तीस वर्षांत एकही मोटार त्याच दुखण्यानं परत आलेली नाही. मग शिव्या देऊन तरी लोक करणार काय?

पण वैजनाथची खरी कीर्ती मोटारींची नाही, राक्षसांची. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा हलता देखावा सव्वीस वर्षं त्यानंच केला. भंगारातल्या टेम्पोच्या वायपरची मोटार, सायकलची चेन, तेलाचे डबे आणि जुनी लुगडी, एवढ्या सामानात त्यानं महिषासुर उठवला आणि बकासुराला गाडाभर भात खायला लावला. पाचव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पडदा उघडायचा, आणि सव्वीस वर्षांत तो एकदाही सात वाजून पाच मिनिटांनी उघडला नाही. हे वैजू स्वतःच सांगायचा. आपलं कौतुक दुसऱ्यानं करायची वाट बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. महिषासुरानं डोळे वटारले, जीभ बाहेर काढली, आणि समोरची पोरं हसली. एका पोरीनं तर त्याच्याकडे पाठ करून मोबाईलवर स्वतःचा फोटो काढला, महिषासुराची जीभ बरोबर आपल्या डोक्यावर येईल असा. वैजूला ते फार लागलं.

मंडळाचा अध्यक्ष ओंकार सव्विशीतला, खताबियाण्यांच्या दुकानाचा मालक. पोरगा वाईट नाही, पण त्याला सगळं चकचकीत लागतं. यंदाच्या बैठकीत त्यानं सरळच सांगितलं. “वैजूकाका, तयार देखावे भाड्यानं मिळतात आता. मोठा स्क्रीन, लाईट, धूर, सगळं घेऊन येतात. यंदा तुमचाच करू. पण लोकांना नाही आवडला, तर पुढच्या वर्षीपासून भाड्याचा. पाचव्या दिवशी पडदा उघडला की कमिटी तिथंच ठरवेल.”

बैठकीत कुणी वैजूकडे बघेना. वैजूनं मात्र सगळ्यांकडे बघून घेतलं आणि म्हणाला, “यंदा राक्षस न्हाई. यंदा रोबो. शंभर वर्सं फुडनं आलेला, मानसं मारनारा रोबो.”

हे त्यानं उगीच हवेत सोडलं नव्हतं. दुकानात तार गुंडाळताना कोपऱ्यात टीव्ही चालू असायचा, आणि त्यावर हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे. बाकीचे लोक मारामारी बघत, वैजू कारागिरी बघायचा. खुनी रोबो, माणसाची कातडी पांघरलेले रोबो, पुढच्या काळातून मागं येऊन कुणाला तरी शोधत फिरणारे रोबो, सगळ्यांशी त्याचं मिस्त्री या नात्यानं भांडण होतं. “एवढा लोखंडी गडी समुद्रात पडतोय आन गंजत न्हाई? निदान ग्रीस लावताना तरी दाखवा!” “शंभर वर्सं मागं यायची अक्कल हाय, पन लोडशेडिंगचं टाइमटेबल बघून यायची न्हाई. जामखेडला उतरला आसता तर चार्जिंगवाचून दुसऱ्या दिवशी आडवा!” अशी टीका करून दमला, की मग तो हळूच एक गोष्ट कबूल करायचा. “पन ह्योच आजचा राक्षस हाय बरं का. महिषासुराला निदान राग तरी यायचा. रागावलेल्याची समजूत घालता येती. ह्याला रागच न्हाई, मग घालनार कशी?”

देखावा त्यातूनच निघाला. शंभर वर्षांनंतर सगळीकडे यंत्रांचं राज्य आहे, आणि एक बाई त्यांना काही केल्या जुमानत नाही. म्हणून तिच्या पणजीलाच आज मारून टाकायला एक रोबो इकडे पाठवतात. पणजी देवळात आरतीला उभी आहे. रोबो बंदूक रोखून तिच्यामागं येतो, समोर मंडळाचाच गणपती दिसतो, आणि त्याचा हात खाली येतो. का येतो, असं ओंकारनं विचारलंच.

“ते ज्याचं त्यानं ठरवावं,” वैजू म्हणाला. “मी फकस्त हात खाली आनायची मोटार बसवतो.”

महिनाभर खपून त्यानं साडेसहा फुटांचा गडी उभा केला. छाती तेलाच्या डब्यांची, डोळे मोटरसायकलच्या मागच्या लाल दिव्यांचे. आवाज वैजूचाच, रिकाम्या हंड्यात तोंड घालून मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. मागच्या काळ्या पडद्याआड उंचावर एक लोखंडी रूळ होता, त्यावरून रोबो लटकत पुढं यायचा आणि पाय जमिनीला घासत चालायचे. पाय म्हणजे नुसते पाइप. त्यांची टोकं उघडी दिसू नयेत म्हणून वैजूनं त्यांना शेतात पाणी द्यायला जाताना घालतात ते गमबूट चढवले आणि वरून चंदेरी रंग मारला. ओंकार बघून गेला आणि म्हणाला, “काका, एक नंबर!” वैजू म्हणाला, “ते मला म्हाईत हाय.”

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. गल्लीत जी सगळ्यांत वयस्कर बाई असेल, तिनं नारळ फोडल्याशिवाय देखाव्याचा पडदा उघडत नाही. सध्या तो मान गोजरबाईंचा. वय चौऱ्याऐंशी, नजर मात्र सुईत दोरा ओवायची. पाचव्या दिवशी सकाळी त्या काठी टेकत देखावा बघायला आल्या. वैजूनं कळ दाबली. रोबो लाल डोळ्यांनी निघाला, हंड्यातल्या आवाजात गरजला, रंगानं आखलेला देवळाचा उंबरा ओलांडून गणपतीपुढं आला, आणि बंदूक खाली गेली. वैजू शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

“ह्ये बूट घालून देवापुढं चाललंय,” गोजरबाई म्हणाल्या. “मी नारळ फोडायची न्हाई.”

ओंकार हसला. “आजी, तो माणूस नाही. रोबो आहे. त्याचे पायच तसले असतात.”

“पाय आसते तर मी कशाला बोलले आसते? बूट हायेत ते. माझ्या घरात आसलाच जोड हाय, दाराभाईर. आत आनू देत न्हाई मी.” मग त्या वैजूकडे वळल्या. “मारायला येऊ दे त्येला, माझं काय म्हननं न्हाई. राक्षसबी मारायलाच यायचे. पन सव्वीस वर्सांत तुझा एक तरी राक्षस बूट घालून आला का रं, वैजा?”

वैजूनं सगळे आठवून बघितले. एकही आला नव्हता. सगळे कसे अनवाणी आले होते! आणि दुसऱ्याला कशाला, खुद्द त्याच्या दुकानात उंबऱ्याबाहेर चपला काढल्याशिवाय गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकता येत नाही, मग ते तालेवार असो नाहीतर पोलीस. तार गुंडाळायचं मशीन हा त्याचा देव. आणि खऱ्या देवापुढं त्यानं स्वतःच्या हातानं बूट घातलेलं यंत्र आणून उभं केलं होतं! पाइपाची टोकं झाकायच्या नादात ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

गोजरबाई गेल्यावर ओंकारनं एकेक उपाय काढला. बूट कापून टाकू. मग नुसते पाइप दिसणार, आणि पोरं पुन्हा हसणार. पायांपुढं कापड लावू. मग चालणंच दिसणार नाही, आणि सगळी करामत त्यातच होती. “मग यंदा नारळ दुसऱ्या कुणाकडून...” एवढं म्हणून त्यानं आपणहूनच जीभ चावली.

“कापायचे न्हाईत,” वैजू म्हणाला. “काढायचे.”

“कोण काढणार?”

“त्यो. सोताच्या पायानं. उंबऱ्याभाईर.”

ओंकारनं मोबाईलमध्ये वेळ बघितली. साडेनऊ वाजले होते. “काका, नाही जमलं तर सांगा बरं का. मला कमिटीला तोंड दाखवायचंय.”

“सातला ये,” वैजू म्हणाला. “सातला पाच कमी आसताना ये.”

छाती अशी पुढं काढून तो घरी आला खरा, पण दारातच बसला. बायको रोहिणी धुणं वाळत घालत होती. तिला त्यानं सांगितलं, “आज ह्ये गेलं ना, तर मी नुसता मोटारवाला राहतो बघ. गल्लीत मग मला कोन कशाला इचारनार?” रोहिणी सव्वीस वर्षं त्याच्या राक्षसांना लुगडी शिवून देत आली होती. ती म्हणाली, “बसून काय बूट निघनारेत व्हय? तुमी घरी येऊन गमबूट कसे काढता? भिंतीला टाच लावता आन पाय वर वढता. त्येला तसंच करायला लावा.”

वैजू ताडकन उठला. इतकं सोपं होतं ते! मोटार नको, चेन नको, काही नको. उंबऱ्यावर एक उभी फळी ठोकायची आणि वरच्या रुळाला तिथं चढ द्यायचा. रोबो पुढं येईल, बूट उंबऱ्याच्या फळीला अडतील, रूळ वर जाईल तसे पाय बुटांतून वर निघतील, फळी ओलांडतील आणि पलीकडच्या उतारावरून खाली येतील. परत जाताना तेच उलटं. पाय वरून येऊन आपापल्या बुटांत बसतील आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. बूट जागचे कलंडू नयेत म्हणून तळात लोखंडाचे तुकडे टाकले की झालं.

रूळ कापून, वाकवून, पुन्हा जोडायला दोन वाजले. आत पाय हवेत म्हणून त्यानं डब्याच्या पत्र्याची पावलं कापली, बुटातून निघतील अशी निमुळती. रोहिणी म्हणाली, “बोटं धा काढा. आजी मोजत्यात.” त्यानं दहा काढली.

साडेचारला पहिली चाचणी झाली, आणि रोबो एक पाय अनवाणी आणि एक बूट लटकत, असा लंगडत गणपतीपुढं आला. वैजूच्या तोंडून जे शब्द निघाले ते देवापुढं बोलायचे नव्हते. दुसऱ्यांदा दोन्ही बूट पायांतच अडकले आणि उंबऱ्याची फळीच उपटली. पाच वाजून गेले. तो खाली बसला, घोटभर पाणी प्यायला, आणि त्यानं बुटात हात घालून बघितलं. रबर घामेजल्यासारखं चिकट झालं होतं. चंदेरी रंग आतपर्यंत ओघळला होता, वाळला नव्हता.

“रबरानं रंग चाटलाय,” तो म्हणाला, आणि दोन्ही बूट आतून रॉकेलनं धुवून आणले. रोहिणीनं घरातला पावडरचा डबा आणून अख्खाच्या अख्खा आत उपडा केला. फळी चार खिळ्यांनी पुन्हा ठोकली. तिसऱ्या चाचणीला वेळच उरला नाही. सहा वाजल्यापासून रस्ता माणसांनी भरत आला होता.

सातला पाच कमी असताना ओंकार आला. नवे पांढरे बूट, हातात माइक. गोजरबाई नारळ घेऊन गणपतीच्या बाजूला उभ्या राहिल्या. “आधी बघते, मग फोडते,” त्यांनी जाहीर केलं. अशी अट आजवर कुणी घातली नव्हती, पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईशी वाद कोण घालणार? सात वाजले. पडदा उघडला.

लाल डोळे पेटले. पुढच्या ओळीतल्या पोरी मागं सरकल्या, आणि वैजूच्या जिवात जीव आला. रोबो पाय घासत निघाला. पणजी पाठमोरी, हातात आरतीचं ताट. बंदूक वर आली. बूट उंबऱ्याला लागले आणि थांबले. वैजू पडद्यामागून रुळाकडे बघत राहिला.

रूळ कुरकुरला. रोबो जागच्या जागी थोडा उंच झाला. एक पाय बुटातून निघाला, मग दुसरा. पत्र्याची दहा बोटं दिव्यात चमकली. तो उंबऱ्यावरून आत आला, अनवाणी जमिनीवर टेकला, आणि त्याचा हात सावकाश खाली गेला. मागं रिकामे बूट शेजारी शेजारी उभे होते.

टाळी पडायला हवी होती. पडली नाही. वैजूला वाटलं, संपलं सगळं. त्यानं पडदा बाजूला करून बाहेर बघितलं.

बांबूच्या कठड्याला टेकलेला एक म्हातारा वाकून पायातल्या वहाणा काढत होता. रस्त्यावरून देखावा बघताना चपला कुणी काढत नाही, कधीच काढल्या नव्हत्या. म्हाताऱ्याशेजारच्या बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि तिनंही काढल्या. मग तिच्या मागच्यांनी, मग त्यांच्या मागच्यांनी. चिखलाच्या रस्त्यावर, गल्लीच्या टोकाशी असलेल्या खर्ड्याच्या फाट्यापर्यंत, माणसं एकमेकांचा खांदा धरून वाकत होती. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या पोरांनीसुद्धा एका हातानं सँडलचे पट्टे सोडले. वैजूचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसायचंही मनावर घेतलं नाही.

ओंकार धावत पडद्याकडे आला. “काका! पुढच्या वर्षाचं आत्ताच सांगून ठेवतो, भाड्याचं वगैरे काही नाही, तुम्हीच...”

“आधी बूट काढ,” गोजरबाई म्हणाल्या, आणि त्याच्या दोन्ही नाड्या सुटेपर्यंत नारळ हातात धरून उभ्या राहिल्या.