पंधरा दिवसांची नोटीस

मार्लिस बर्गस्ट्रॉमच्या आणि माझ्या टेबलामध्ये एक अर्धी भिंत आहे. तिच्या बाजूला 'नोकरी मार्गदर्शन' अशी पाटी, माझ्या बाजूला विद्यार्थ्यांच्या नोंदणीची खिडकी. सव्वीस वर्षं त्या भिंतीवरून येणारा उपदेश मी ऐकत आलोय. इतका पाठ झालाय की उद्या मार्लिस आजारी पडली तर तिची खुर्ची मी चालवू शकेन. फक्त तिच्याएवढा सोशिकपणा माझ्याकडे नाही.

आमचं कॉलेज दोन वर्षांचं, अमेरिकेच्या उत्तरेला मोठ्या तलावाकाठी वसलेल्या डुलुथ गावाच्या टेकडीवर. पोरं येतात ती वेल्डिंग, स्वयंपाक, रुग्णसेवा असलं काहीतरी शिकायला. बहुतेक सगळी पहाटेपासून कुठेतरी राबून आलेली असतात आणि मार्लिससमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात. मार्लिसही त्रेसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली, कानात यंत्र. दमलेली बाई दमलेल्या पोरांना सांगते की उभारी धरा, हा खेळ मी रोज आठ तास ऐकतो.

तिचा एक गुलाबी कागद आहे. त्यावर तीन नियम. मुलाखत झाली की दुसऱ्या दिवशी हाताने लिहिलेलं आभाराचं कार्ड पाठवायचं. जुन्या मालकाबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कुठलीही नोकरी सोडायची नाही. पहिले दोन मोडले तर मार्लिस रागवायची. तिसरा मोडला तर तिला लागायचं.

त्याचं कारण मला बारा वर्षांनी कळलं, तेही नाताळच्या जेवणात तिने दोन पेले वाईन घेतली म्हणून. एकवीस वर्षांची असताना ती एका लहान गावात कापडाच्या दुकानात कामाला होती. एका शुक्रवारी शेतावरून फोन आला, आईला अर्धांगाचा झटका आला होता. मार्लिसने कात्री टेबलावर ठेवली आणि ती तशीच निघाली. आईपाशी राहिली, परत गेलीच नाही. आई सावरल्यावर ती नोकऱ्यांसाठी अर्ज करू लागली. आमच्याकडे कामावर घेण्याआधी जुन्या मालकाला फोन करायची रीत आहे. दुकानदारीण गोड आवाजात सांगायची, "मुलगी चांगली आहे हो, फक्त शनिवारच्या गर्दीत मला एकटीला टाकून गेली." आईच्या झटक्याचं नावसुद्धा नाही. तीन वर्षं त्या गावात मार्लिसला कुणी दारात उभं केलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मार्लिसने पुढे सव्वीस वर्षं सगळ्या पोरांना ताक फुंकून प्यायला लावलं.

शेल्बी निमी त्यातलीच एक. वीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. स्वयंपाकाचा कोर्स करत होती आणि टेकडीवरच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करत होती. तिला तलावातल्या मालवाहू बोटींवर जायचं होतं.

"बोटीवरच का?" मार्लिसने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"तिथे पण ऐंशी जणांना उकडून, वाटून वाढायचं असतं का हो बाई?"

"नाही, तिथे वीस-बावीस खलाशी असतात. मटण खातात."

"मग झालं तर. मला दात असलेल्या माणसांसाठी स्वयंपाक करायचाय."

भिंतीच्या या बाजूला मी हसलो होतो. खलाशाचा परवाना मिळवायला दोघींनी मिळून चार महिने कागद भरले. फोटो, रक्ततपासणी, बोटांचे ठसे. परवाना आला त्या दिवशी मार्लिसने मला भिंतीवरून लिमलेटची गोळी दिली.

एप्रिलमध्ये एका बोट कंपनीचा फोन आला. बोटीवरच्या आचाऱ्याला मदतनीस हवा होता, पाच दिवसांत निघायचं होतं. शेल्बी धापा टाकत आली.

"पाच दिवस?" मार्लिस म्हणाली. "त्यांना सांग, मला पंधरा दिवस लागतील. भली माणसं असतील तर थांबतील. आणि नोटीस देऊन आलीस हे कळलं की उलट मान वाढेल तुझा."

"पण बाई, बोट थांबेल?"

"ही नाही तर पुढच्या फेरीला चढशील. बोटी काय, येत-जात असतात."

शेल्बीने तसंच केलं. कंपनीच्या माणसाने फोनवर अगदी गोड "बरं बरं, बघू या" म्हटलं. आमच्याकडे तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नाही. सगळं आयुष्य या भागात काढून मार्लिसला हे कळायला हवं होतं, आणि भिंतीपलीकडे बसलेल्या मलाही. त्या माणसाने त्याच दुपारी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. इकडे शेल्बीने वृद्धाश्रमात सुवाच्य अक्षरात नोटीस दिली. तिथल्या व्यवस्थापिकेने तिचे आभार मानले, ओळखपत्र आणि किल्ली मागून घेतली आणि तिला दारापर्यंत पोचवलं. जाणाऱ्या माणसाला पंधरा दिवस स्वयंपाकघरात ठेवणं म्हणे नियमात बसत नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

शेल्बी सांगायला आली तेव्हा मी कान टवकारले. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

"काही हरकत नाही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं."

आणि दोन दिवसांनी टपालाने कार्ड आलं, हाताने लिहिलेलं. 'वेळ दिल्याबद्दल आणि मदतीबद्दल मनापासून आभार.' पोरीने पहिला नियमही पाळला होता. मार्लिसने ते कार्ड खणात ठेवलं. नंतर कधीही पेन काढायला तो खण उघडला की ती क्षणभर थांबायची.

मी एकदा बोललो. "मार्लिस, तो तिसरा नियम कागदावरून खोडून टाक आता."

"एकीच्या बाबतीत चुकला म्हणून?"

"तुझ्या बाबतीत तरी कुठे बरोबर होता? तुझी आई आजारी होती. नोटीस देत बसली असतीस तर?"

 ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला होता. खरं म्हणजे दया आली होती, आणि दया दाखवायची सवय नाही म्हणून मी रागावलो होतो.

शेल्बी खाली बंदराजवळच्या डेलच्या डोनटच्या दुकानात लागली. पहाटे चारला कणीक, पाचला दुकान उघडायचं. डेल हा साठीचा, जाड भुवयांचा माणूस, ज्याला गावातला प्रत्येक खलाशी आणि प्रत्येक पाद्री ओळखतो. वृद्धाश्रमवाले विचारलं तर फक्त काम धरल्या-सोडल्याच्या तारखा सांगत. म्हणजे शेल्बीबद्दल चांगला शब्द घालणारं या गावात एकच तोंड उरलं होतं, डेलचं.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी नऊला मार्लिसचा फोन वाजला. कानातल्या यंत्रामुळे ती फोन मोठ्याने लावते, त्यामुळे तिचे फोन मलाही येतात असंच म्हणायचं.

"मार्लिसबाई, मी शेल्बी. दुकानाच्या मागून बोलतेय. बोटवाल्यांचा फोन आलाय. त्यांचा मदतनीस बर्फावर घसरला, मनगट मोडलं. बोट धक्क्याला लोखंड भरतेय, चार वाजता सुटणार. म्हणाले, आज येतेस तर ये, नाहीतर यादीतून नाव काढतो."

"आणि डेल?"

"डेल म्हणतो, आज गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस. त्याच्याकडे दुसरं कुणी नाहीये. उद्या चर्चची बारा डझनांची ऑर्डर आहे. बाई, मी काय करू?"

मी माझ्या खिडकीतल्या पोराला हाताने थांब म्हटलं.  मार्लिसच्या खुर्चीचं चाक कुरकुरलं. मला वाटलं, आता ती गुलाबी कागद वाचून दाखवणार.

"जा," मार्लिस म्हणाली.

"काय?"

"जा म्हणते ना. गरम मोजे घे दोन जोड. आणि डेलला फोन दे."

डेल आला तो तणतणतच. "हे बघ मार्लिस, तू पोरांना काय शिकवतेस? नोटीस-बिटीस काही असते की नाही?"

"असते. पंधरा दिवसांची. ती मी भरते."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या पहाटे चारला मी येते. पंधरा दिवस. पगार नको."

"तू? तुला डोनट तळता येतात?"

"नाही. पण कॉफी ओतता येते, खोकी बांधता येतात आणि तुझी बडबड ऐकता येते. तळ तू. मात्र शेवटच्या दिवशी मला एक चिठ्ठी लिहून द्यायची, शेल्बी निमीने रीतसर नोटीस देऊन काम सोडलं म्हणून."

 डेल म्हणाला, "एप्रन तुझा तू आण. माझे तुला पुरणार नाहीत."

मार्लिसने फोन ठेवला आणि रजेचा अर्ज भिंतीवरून माझ्याकडे सरकवला; त्यावर शेजारच्या टेबलाची सही लागते. सव्वीस वर्षांत तिने रजा अशी घेतलीच नव्हती. मी कपाळाला हात लावला. "मार्लिस, तुझे गुडघे बघ. पहाटे चारला, या थंडीत? मूर्ख आहेस तू."

"हो," ती म्हणाली. "सही कर."

पुढचे पंधरा दिवस मी कामावर जाताना त्या दुकानात थांबायचो. डोनट मला डॉक्टरने बंद केलेत, तरी रोज एक घ्यायचो. मार्लिस फुलाफुलांचा एप्रन बांधून काउंटरमागे उभी असायची, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. तिसऱ्या दिवशी हात भाजला, पट्टी बांधून आली. सहाव्या दिवशी एका ट्रकवाल्याने कॉफी गार आहे म्हणून तिला चारचौघांत सुनावलं, आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांना 'शांत राहा' सांगणारी ही बाई आत जाऊन मैद्याच्या पोत्यावर बसली. मी मागे गेलो.

"दुखतंय?"

"सगळं दुखतंय, लॉइड," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ही पोरं इथून उठून माझ्याकडे येतात. सहा तास असं उभं राहून. आणि मी त्यांना सांगते, पाठ ताठ ठेवून बसा, मालकावर छाप पडते."

 मी तिला पाणी आणून दिलं. तेवढ्यात दुकानाच्या दाराची घंटी वाजली आणि ती उठून बाहेर गेली.

शेवटच्या दिवशी डेलने दुकानाच्या बिलाच्या मागे चिठ्ठी लिहिली. 'शेल्बी निमी रीतसर नोटीस देऊन गेली. नोटीस पूर्ण भरली गेली. परत आली तर घेईन.' खाली सही.

"भरली कुणी, असं कुणी विचारलं तर?" मी उगाच डिवचलं.

"तर सांगेन," डेल म्हणाला. "अजून तरी कुणी विचारलेलं नाही." आणि त्याने मार्लिसच्या हातात एक खोकं दिलं, दोरी त्याने स्वतः बांधलेली.

मार्लिस सोमवारी कामावर आली. टेबलावर पंधरा दिवसांचं टपाल पडलं होतं, त्यात एक कार्ड, कुठल्याशा बंदरातून टाकलेलं. तिने वाचलं आणि भिंतीवरून माझ्याकडे दिलं. आत दोनच ओळी होत्या. 'रोज बावीस जणांचा नाश्ता करते. सगळ्यांना दात आहेत.'

मी हसलो. मार्लिस हसली नाही, तिने बूट काढले आणि सुजलेले पाय कचऱ्याची टोपली उलटी करून तिच्यावर ठेवले. कार्ड तिने खणात टाकलं नाही, फोनला टेकवून उभं केलं.

दहाच्या सुमाराला दारात एक मुलगी आली. अंगावर कपडे धुण्याच्या दुकानाचा निळा कोट, डोळ्यांखाली काळं. खुर्चीत बसली तशी जांभई दाबत म्हणाली, "दुसरीकडे काम मिळतंय. पण तिथे लगेच जॉइन व्हा म्हणतात. मी ऐकलंय की तुमच्याकडे पंधरा दिवसांचा काहीतरी नियम आहे. मग देऊ का नोटीस?"

माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. सव्वीस वर्षं मी ते ऐकलं होतं.

गुलाबी कागदाची चळत मार्लिसच्या हाताशी होती. तिने तिला हात लावला नाही.

"आधी नीट टेकून बस," ती म्हणाली. "आणि मला सांग, तुझा मालक माणूस कसा आहे?"