खडखडणारा पत्रा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर ग्रंथालयात होते. 'शांतता राखा' अशी पाटी तिथे भिंतीवर होती, पण खरी पाटी हेच. खुर्ची सरकली की चष्म्यावरून बघायचे, कुणी दोनदा खोकलं की दाराकडे बोट. निवृत्त झाले आणि ती पाटी घरी आली. ताईच्या स्वयंपाकघरात तेव्हापासून भांडीसुद्धा जपून लागतात.

मी मागच्याच गल्लीत राहते, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात बघायला मिळतो.

भाऊजींची गाडी पंचवीस वर्षांची आहे. ती कुठेही वाजलेली त्यांना खपत नाही. एकदा खालून काहीतरी खडखडायला लागलं. दुसऱ्या कुणी दोन बोल्ट आवळले असते. भाऊजी पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि एक लांबट, पन्हळीसारखा वाकवलेला पत्राच काढून बाहेर आले. गाडी गप्प झाली. तो पत्रा ताईच्या गॅलरीत कुंड्यांखाली गेला. त्यात झाडांचं पाणी साठतं, फरशी खराब होत नाही. एक घाव दोन तुकडे केल्यासारखे भाऊजी आठवडाभर खुशीत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गाडी आतून तापायला लागली. एसी तर केव्हाच मेला होता. ताई नेहमी त्यांच्या बाजूच्या सीटवर.

"अहो, पाय भाजतायत माझे," ती म्हणायची.

"इंजिन आहे ते, बर्फाचा कारखाना नाही."

"मग तुमचे कसे भाजत नाहीत?"

"मी लक्ष गाडी चालवण्याकडे देतो. गरम वाटणं हा निम्मा मनाचा खेळ असतो."

माणसं अशा वेळी गाडी गॅरेजमध्ये नेतात. भाऊजींनी वाचन सुरू केलं. महिनाभर वाचून सार काढलं की उष्णता पुढून येते, कारण इंजिन पुढे असतं. एवढं कळायला माणसाला अख्खी नोकरी पुस्तकांत घालवावी लागते. मग चंदेरी फॉइल आलं, लोकर दाबून केलेला जाड नमदा आला, चिकटवायचा डिंक आला. बॉनेटला आतून नमदा लागला. इंजिनाच्या आणि आपल्या मधल्या पत्र्यावर फॉइल चढलं; पहिला थर अर्थातच त्यांच्या स्वतःच्या पायांपुढे. जिथून वायरी आत येतात ती भोकं रबराने बुजवली. सगळ्यावर फिक्या रंगाचं कार्पेट. आणि डॅशबोर्डवर, बरोबर आपल्या नाकासमोर, एक तापमापक. पाय भाजतात म्हणून तापमान नाकाशी मोजायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

कार्पेट फिकं, म्हणून नवा नियम निघाला की गाडीत चप्पल काढून बसायचं. त्यांना मात्र चालवायला बूट लागत. नियम ताईपुरताच होता.

त्या उन्हाळ्यात ताई रोज कुरकुरली. पुढच्या उन्हाळ्यात अधूनमधून. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती काहीच बोलली नाही. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. येईल त्याला बॉनेट उघडून दाखवायचे. मला तर दोनदा दाखवलं.

"बघितलंस ना?" ते म्हणाले. "आता एक अक्षर काढते का तुझी ताई? याला अभ्यास म्हणतात."

ताई तिथेच उभी होती. "नाही बाई लागत गरम आता," ती म्हणाली. चालताना तिच्या एका पायातली चप्पल मागेच राहिली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. भाऊजी हसले. वय झालं की वेंधळेपणा वाढतो म्हणाले. तिला मधुमेह होऊन किती वर्षं झाली होती, हे त्या अभ्यासात बसत नसावं.

मग ते दोघे लेकीकडे गेले. चार तासांचा रस्ता, अर्धा चढाचा, दुपारची वेळ. ताई अनवाणी. उतरल्यावर लेकीच्या पांढऱ्या फरशीवर ओले ठसे उमटायला लागले. लेकीला वाटलं आई पाण्यातून आली. वाकून बघितलं तर डाव्या तळव्याला लिंबाएवढा फोड येऊन फुटला होता. ताई उभीच होती, प्रवास कसा झाला ते सांगत.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. डॉक्टरांनी माझ्यासमोर ताईच्या अंगठ्याला टोकदार काहीतरी टोचलं आणि विचारलं, "कळतंय का?"

"काय?" ताई म्हणाली.

पायांची जाणीव गेली होती. एकदम नाही, हळूहळू, दोन-तीन वर्षांत. अशा पायाची जखम भरणं कठीण, पाऊल वाचेल का ते आताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजी बाकावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण हिने सांगायला नको का?"

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी खाली गेले आणि ओढणी खोचून गाडीखाली वाकून बघितलं. इंजिनाचा धूर नेणारी नळी ताईच्या पायांच्या बरोबर खालून मागे जाते. नळी आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये काहीच नव्हतं. दोन गंजके बोल्ट तेवढे लोंबत होते. इतकी वर्षं हे गृहस्थ समोरच्या उष्णतेशी लढत होते, आणि खालची उष्णता अडवणारा पत्रा कुंड्यांखाली पाणी धरून बसला होता. एकदा, फक्त एकदा, ते शेजारच्या सीटवर बूट काढून बसले असते तर पुरलं असतं. पंचवीस वर्षांत त्या सीटवर ते बसलेच नाहीत. मला त्यांची कीव आली नाही, अजूनही येत नाही.

पाऊल वाचलं. करंगळी काढावी लागली.

पत्रा आता परत गाडीखाली आहे. कुंड्यांच्या पाण्याने गंजलेला, म्हणून पूर्वीपेक्षा जास्त खडखडतो. भाऊजी त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ताई जाड बूट घालून बसते, कार्पेट मळलं तर मळलं. परवा तिला पट्टी बदलायला नेलं तेव्हा मी मागे बसले होते. गल्ली संपायच्या आत भाऊजींनी मान वळवून विचारलं, "गरम लागतंय का गं?"

ताई खिडकीबाहेर बघत होती.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "हात लावून बघा."

भाऊजींनी गाडी कडेला घेतली, पलीकडून येऊन तिचं दार उघडलं, आणि रस्त्यावर गुडघे टेकून तिच्या बुटांपाशी तळहात ठेवला.